जवाबाची जागा

तेरखेड्यात आरजूला कुणी विचारलं, की पोरी, तू करतेस तरी काय, तर ती सांगायची, तालुक्याला वाशीला शिकवणीत रसायनशास्त्र शिकवते. हे खरंच होतं, पण अर्धं. उरलेलं अर्धं सांगितलं असतं तर ऐकणाऱ्यानं आधी तिच्याकडं पाहिलं असतं, मग तिच्या अम्मीकडं, आणि तिथल्या तिथं लग्नाचा विषय काढला असता. म्हणून ती गप्प बसायची.

उरलेलं अर्धं असं, की आरजू रॅप करायची. तेही प्रेमाचं, गाड्यांचं, सोन्याच्या साखळ्यांचं नव्हे. अणूंचं, क्षारांचं, ज्योतीच्या रंगांचं. आपल्यासारखं खूळ जगात दुसऱ्या कुणाला नसणार अशी तिची खात्री होत आली होती, तेवढ्यात तिला इंटरनेटवर 'खोपडी' सापडली. खोपडी ही डिस्कॉर्डवरची एक वस्ती होती आणि तिथं सगळे तिच्याच जातकुळीचे. कुणी कृष्णविवरांवर रॅप करायचा, कुणी बुद्धिबळाच्या एकाच डावावर. एका बाईनं शेवाळाच्या प्रकारांवर अख्खा अल्बम काढला होता आणि लोकांनी तो पाठ केला होता. शाळेत ज्यांना पुस्तकी किडा म्हणून चिडवलं गेलं असे जगभरचे किडे तिथं गोळा झाले होते आणि एकमेकांना वाहवा देत होते. नैरोबीत गणित शिकवणारे एक मास्तर होते, त्यांना सगळे म्वालिमू म्हणत. त्यांच्या भाषेत मास्तरला हाच शब्द. उमरग्याकडचा रेवणसिद्ध होता, रेल्वेत सिग्नलची देखभाल करायचा आणि रुळाच्या सांध्यांवरून मालगाडी जाताना जो ठेका पडतो त्यावर ओळी बांधायचा. त्याचं तिथलं नाव सिग्नलअप्पा, आणि आरजूचं बेरियमबी.

आता अशी शहाणी माणसं एकत्र आली की साधं गाणं ऐकून त्यांचं पोट भरत नाही. खोपडीत एक रीत पडली होती, तिला खोदकाम म्हणत. प्रत्येकानं आपल्या गाण्यात काहीतरी लपवायचं. ढोलाच्या ठेक्यात तारायंत्राची लिपी, नाहीतर आवाजाचा आलेख काढला तर त्यात दिसणारं एखादं चित्र. गाणं आलं की बाकीच्यांनी कुदळ-फावडं घेऊन ते खणायचं. आणि ह्या रीतीचं एक कलम फार कडक होतं: लपवणाऱ्यानं शेवटपर्यंत कबूल करायचं नाही. कुणी कितीही विचारलं तरी 'मी काही लपवलेलं नाही' असंच म्हणायचं. त्यामुळं खोपडीत 'नाही'चा अर्थ 'हो, खणत राहा' असा होऊन बसला होता.

आरजूचं नवं गाणं होतं 'निळा'. तेरखेड्याचं पोट शोभेच्या दारूवर चालतं. आकाशात फुटणाऱ्या रंगांत निळा सगळ्यात अवघड, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. का अवघड, ते आरजूनं गाण्यात सांगितलं होतं, घरच्या दखनीत:

लाल तो कोई भी कर ले, स्ट्रॉन्शियम डाल,
हरा बेरियम का, उसमें क्या कमाल?
नीला मंगे तो तांबा बोले, धीरे से जला,
ज्यादा गरम करी तो रंग मेरा चला.

बासमध्ये, म्हणजे खर्जाच्या सुरांत, तिनं तांब्याचा अणुक्रमांक लपवला होता, एकोणतीस. तो लोकांनी तासाभरात शोधून काढला. थोडी थट्टा झाली, थोडं कौतुक, आणि आरजूला वाटलं, संपलं.

संपलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी रेवणसिद्धचा संदेश आला. त्यानं गाण्यातून तिचा आवाज काढून टाकला होता, ढोल काढले होते, बास काढला होता, आणि तळाशी जो गाळ उरला तो मोठा करून ऐकला होता. "बेरियमबी," त्यानं लिहिलं होतं, "तुझ्या गाण्याखाली आणखी एक गाणं आहे."

आरजूनं लिहिलं, मी काही लपवलेलं नाही. झालं. खोपडीत आनंदीआनंद झाला आणि शेकडो माणसं कुदळी घेऊन धावली.

खाली होते ते ठोके. लाकडावर मारल्यासारखे, बारीक, पण लगबगीचे आणि सफाईदार. काही वेळ ठोके, मग शांतता, मग पुन्हा तेच ठोके, पुन्हा तेवढीच शांतता. लोकांनी त्यांचे तक्ते मांडले. कुणी म्हणालं मूळ संख्या आहेत, कुणी म्हणालं तांब्याच्या वर्णपटातल्या रेघा आहेत. शेवाळवाल्या बाईनं तर रिकाम्या जागांचा असा काही अर्थ लावला की त्यातून तिला ताऱ्यांचे नकाशे दिसायला लागले. अक्कल जास्त झाली की ती अशी उतू जाते. आरजू रोज लिहीत होती, की बायांनो, बाप्यांनो, हे माझं नाही, आणि ते रोज तिच्या निग्रहाला दाद देत होते.

मग म्वालिमूंनी दोन गोष्टी दाखवल्या आणि थट्टा थांबली. पहिली अशी, की हे यंत्र नाही, माणूस आहे. एक ठोका दुसऱ्यासारखा जड नाही. कुठं बोट थकलेलं कळतं, कुठं रंगात आलेलं. पण शांततेनंतर तो जिथं पुन्हा सुरू होतो, ती जागा केसभरही हलत नाही. वाजवताना ताल धरणारे पुष्कळ असतात, त्यांनी लिहिलं, गप्प बसून इतका ताल धरणारा माणूस मी ऐकलेला नाही. आणि दुसरी गोष्ट अशी, की त्यांनी आरजूची जुनी गाणीही खणली होती. दोन वर्षांतली सगळी. प्रत्येक गाण्याच्या तळाशी तोच माणूस होता आणि तेच वाजवत होता.

इतके दिवस आरजूला ह्या खुळ्यांचं हसू येत होतं. आता वाटलं, आपण दोन वर्षं कुणाच्या तरी डोक्यावर उभं राहून गातो आहोत.

ती गायची ती खोली म्हणजे घरातली धान्याची खोली. भिंतींना गोधड्या टांगलेल्या, दार लावलेलं, ज्वारीच्या पोत्यावर लॅपटॉप. शिकवणीहून आल्यावर दिवेलागणीच्या आधी तासभर ती तिथं कोंडून घ्यायची. त्या दिवशीही ती तशीच बसली, हेडफोन लावले आणि रेवणसिद्धनं वेगळी काढलेली ती पट्टी पहिल्यांदा नीट, डोळे मिटून ऐकली. ठोके. शांतता. ठोके. तिनं हेडफोन काढून मांडीवर ठेवले, आणि ठोके थांबले नाहीत.

ते भिंतीतून येत होते.

आवाज ओळखीचा होता, अगदी रोजचा. घरातलं घड्याळ जसं ऐकू येईनासं होतं तसा तो तिला ऐकू येईनासा झाला होता. दार उघडून ती ओसरीवर आली. तिथं भिंतीला टेकून बाज होती आणि बाजेवर तिचे अब्बा, चाँदपाशा, डोळे मिटून बसले होते. त्यांचे दोन्ही हात बाजेच्या लाकडावर चालले होते. घरातल्या सगळ्यांना वाटायचं, माणसाला चाळा असतो, कुणी पाय हलवतो, हे बोटं वाजवतात. आरजूनं त्या हातांकडं आज पहिल्यांदा पाहिलं. बोटं अशी पडत होती की डोळ्याला मोजता येऊ नयेत. मग एका जागी ती थांबली. हात लाकडावर टेकले नाहीत, वर अधांतरी राहिले. आणि चाँदपाशांची मान किंचित डावीकडं कलली.

शांततेत ते नुसते बसले नव्हते. ते ऐकत होते. ज्या माणसाच्या कानाशी फटाका फोडला तरी त्याला ऐकू येत नाही, तो माणूस मान कलवून डावीकडचं काहीतरी अगदी मन लावून ऐकत होता. मग ते संपलं असावं, कारण मान सरळ झाली आणि हात पुन्हा उतरले. आरजू खांबाला धरून उभी राहिली. म्वालिमूंचा आलेख तिच्या डोळ्यांसमोर होता. तिला ठाऊक होतं की हात नेमक्या जागी उतरले आहेत.

ती स्वयंपाकघरात गेली. तिची अम्मी हमिदाबी भाकरी थापत होती. आरजूनं विचारलं, अब्बा काय वाजवतात? हमिदाबीनं मान वर न करता सांगितलं, की ताशा. दुसरं काय वाजवणार.

चाँदपाशा ताशेवाले होते, हे आरजूला ठाऊक होतं, पण लहानपणीची जत्रा जशी ठाऊक असते तसं. मोहरममध्ये पंजांच्या सवाऱ्या निघायच्या तेव्हा पुढं ताशा अब्बांचा आणि त्यांच्या डाव्या हाताला हलगी वैजनाथकाकांची. बाकी दिवशी दोघंही शोभेच्या दारूच्या कारखान्यात कामाला. एका दुपारी तिथल्या शेडनं पेट घेतला. माणसं वेळेवर बाहेर पडली, जीव वाचले, पण चाँदपाशांचे कान गेले ते गेलेच. आरजू तेव्हा शाळेत होती. रसायनशास्त्र शिकायचं तिच्या डोक्यात तेव्हाच बसलं; ज्यानं बापाचे कान नेले ते नेमकं काय होतं, हे तिला समजून घ्यायचं होतं. पुढं कॉलेजसाठी बार्शीला राहिली, आणि मागं घरात काय घडलं ते तिला कुणी सांगितलं नाही.

ते आता हमिदाबीनं सांगितलं. कान गेल्यानंतरच्या पहिल्या मोहरमला चाँदपाशा ताशा गळ्यात अडकवून अलाव्याच्या जाळाच्या खड्ड्यापाशी जाऊन उभे राहिले. ऐकू येत नसलं म्हणून काय झालं, हात तर होते. वैजनाथ आला तो रिकाम्या खांद्यानं. हलगी आणलीच नव्हती. हात जोडून बाजूला उभा राहिला, मान खाली घालून. चाँदपाशांनी त्याच्या रिकाम्या खांद्याकडं पाहिलं, ताशा उतरवला आणि घरी आले. बहिऱ्याबरोबर कोण वाजवणार, एवढंच बोलले. तेव्हापासून दोघं रस्त्यात भेटले तर हात वर करतात, पुढं जातात. भांडण नाही, तंटा नाही. भांडण असतं तर निदान मिटवता तरी आलं असतं.

"आता वैजनाथ बी चाललाय," हमिदाबी म्हणाली. "उसका बेटा रणधीर उसकु पुने लेके जा रहा. शनवारकु. कायमचा."

आरजूनं विचारलं, अब्बांना सांगू का, की त्यांचं वाजवणं ऐकू येतं? दुनियेतली माणसं ऐकतायत?

हमिदाबीचा हात थांबला. "नक्को. उनको लगता, किसीकु सुनने नै आता. मालूम पडा तो बंद कर देंगे उनो."

त्या संध्याकाळी आरजूनं खोपडीत सगळं लिहून टाकलं. रीत मोडली म्हणून आधी माफी मागितली. मग लिहिलं, की मी लपवलेलं नाही म्हणत होते ते खरंच होतं. खाली वाजवणारे माझे वडील आहेत. त्यांना ऐकू येत नाही. त्या शांतता म्हणजे कोडं नाही, त्या त्यांच्या जोडीदाराच्या जागा आहेत. ताशा विचारतो, हलगी उत्तर देते, आणि हलगी बंद पडून आठ वर्षं झाली. ते अजून तिच्यासाठी जागा सोडतात.

खोपडी ही जागा अशी, की तिथं दिवसाच्या कुठल्याही घटकेला कुणीतरी जागं असतं आणि बोलत असतं. त्या संध्याकाळी कुणी काही लिहिलं नाही. शेवटी शेवाळवाल्या बाईनं आपले ताऱ्यांचे नकाशे काढून टाकले आणि लिहिलं, मला क्षमा कर. त्यामागून एकेकानं आपापले तक्ते काढले. मग काहींनी भीत भीत कबूल केलं, की त्या शांतता आम्ही भरून बघितल्या होत्या. कुणी ढोलानं, कुणी संगणकाकडून करवून. चांगलं जमलं होतं, ऐकवू का? रेवणसिद्धनं मध्येच लिहिलं, "कुणीही ऐकवायचं नाही. ती जागा रिकामी नाही. ती दुसऱ्याची आहे." आणि इतक्या आगाऊ, अतिशहाण्या, एकमेकांचं एक अक्षर चालवून न घेणाऱ्या माणसांनी ते मुकाट्यानं ऐकलं. ज्यांनी भरलं होतं त्यांनी पुसून टाकलं. जगाच्या कुठल्याशा टोकाची माणसं तेरखेड्यातल्या एका हलगीवाल्याची जागा राखून बसली होती, आणि त्या बिचाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता.

म्वालिमूंनी तिला एकटीला लिहिलं, की अर्धं गाणं तुझ्या घरी आहे. उरलेलं अर्धं कुठं आहे ते तुला माहीत आहे. गणितात अशा वेळी आम्ही वाट बघत नाही.

शनिवार परवावर आला होता. दुसऱ्या दिवशी शिकवणीला सुटी टाकून आरजू वैजनाथकडं गेली. घरात बांधाबांध चालली होती. रणधीर पत्र्याच्या पेटीला दोरी आवळत होता. वैजनाथ एका बाजूला उकिडवा बसून हे सगळं परक्याचं असल्यासारखं पाहत होता. आरजूला बघून त्याचा चेहरा उजळला, त्यानं चहा सांगितला, अब्बांची तब्येत विचारली. तिनं हलगीचं विचारल्यावर मात्र उजेड गेला. हलगी त्यानं देऊन टाकली होती, कुणाला ते आता आठवतही नव्हतं म्हणे. लई वर्सं झाली पोरी, हात इसरलं.

आरजूला वाद घालायचा नव्हता. तिनं फोन पेटीवर ठेवला आणि पट्टी लावली.

पहिले दोन-चार ठोके पडले आणि वैजनाथचा चहा हातातच राहिला. त्यानं विचारलं नाही कोण वाजवतंय. इतकी वर्षं खांद्याला खांदा लावून वाजवलेला माणूस, त्याला ठोका ओळखायला काय लागतं. ठोके संपले, शांतता आली. पुन्हा तेच ठोके. पुन्हा शांतता. रणधीर दोरी सोडून उभा राहिला होता.

"हे कवाचं?" वैजनाथनं विचारलं.

परवा-परवाचं, आरजू म्हणाली. आणि त्याच्या आदल्या दिवशीचं, आणि त्याच्याही. रोजचं. दोन वर्षांचं माझ्याकडं आहे, त्याच्या आधीचं अम्मीनं ऐकलंय.

"रोज एवढंच वाजवतो?"

एवढंच, ती म्हणाली. आणि तिला वाटलं आपण समजावून सांगावं. म्हणून तिनं सांगितलं की ही तुमची मोठी चाल आहे ना, सवारीपुढची, ती सगळी त्यांच्या हातात अजून तशीच आहे, एक ठोका चुकत नाही. तिनं सांगितलं की शेकडो माणसांनी मिळून ती मांडून काढली आहे.

वैजनाथनं मान हलवली. नाही म्हणून हलवली.

"ही चाल न्हवं, पोरी. ह्यो नुसता पयला सवाल हाय." त्यानं कप खाली ठेवला. "मोठ्या चालीत असले लई सवाल हायत. अलाव्यापासनं हिरीपत्तुर जायाचं तर एकामागं एक येत्यात. पर ताशानं सवाल टाकला अन् हलगीनं जवाब दिला न्हाय, तर ताशाला म्होरं जाता येत न्हाय. त्योच सवाल फिरून टाकावा लागतो. म्या कवा कवा मुद्दाम अडवायचो त्याला, मान्सं हसायची." त्यानं फोनकडं बोट केलं. "त्यो तिथंच हुबा हाय गं. आठ वर्सं. पयल्याच सवालावर."

इतकी अक्कल, इतके तक्ते, नैरोबीपासून उमरग्यापर्यंत इतकी डोकी, आणि सगळ्यांना वाटलं होतं की आपल्याला पुरं गाणं सापडलं. ते गाण्याचं दार होतं. आत कुणी पाऊलही टाकलं नव्हतं.

मग वैजनाथनं स्वतःच सांगितलं, त्या मोहरमला हलगी का नेली नाही ते. त्याला वाटलं होतं, ज्याचे कान गेले त्याच्यापुढं आपण धडधाकट कानांनी हलगी वाजवायची म्हणजे जखमेवर मीठ चोळायचं. तो थांबला तर आपणही थांबू, एवढीच दोस्ती आपल्या हातात आहे. म्हणून रिकाम्या खांद्यानं गेला. आणि चाँदपाशा ताशा घेऊन आलेला पाहिला तेव्हा शरमेनं मान वर झाली नाही. नंतर जायचं, सांगायचं, असं म्हणता म्हणता वर्षं गेली. बहिऱ्या माणसाला सांगायचं तरी कसं. दोन शहाण्या माणसांनी एकमेकांची मनं जपायची म्हणून एकमेकांचा जीव घेतला होता, आणि गावात कुणाला त्याचा आवाज आला नाही.

आरजूनं एवढंच म्हटलं, "काका, अब्बा आता बाजेवर बसायची वेळ झाली."

वैजनाथ उठला. पायात चपला अडकवल्या. रणधीरनं विचारलं, आबा, हलगी कुठून आणताय. वैजनाथ तोवर उंबरा ओलांडून गेला होता.

ओसरीवर चाँदपाशा नुकतेच सुरू झाले होते. डोळे मिटलेले, हात चाललेले. हमिदाबी दारात आली, वैजनाथला पाहिलं आणि पदर तोंडाला लावून तिथंच थांबली. आरजूनं फोन खिशातून काढला नाही. ज्याचं आहे त्याला विचारल्याशिवाय आता कुणाला काही ऐकवायचं नाही, हे तिनं वाटेतच ठरवलं होतं. पण त्या सगळ्या माणसांची तिला आठवण झाली, आपापल्या गावांत, आपापल्या खोल्यांत गप्प बसलेली.

वैजनाथ बाजेवर बसला, चाँदपाशांच्या डाव्या हाताला. बाज कुरकुरली, हलली. हमिदाबी बसली असेल असं त्यांना वाटलं असावं. डोळे उघडले नाहीत. सवाल संपला. हात वर राहिले, मान डावीकडं कलली, सरळ वैजनाथकडं. वैजनाथचे हात लाकडापर्यंत गेले आणि तिथंच थिजले. त्याचे डोळे वाहत होते. जागा निघून गेली.

चाँदपाशांनी सवाल पुन्हा टाकला. तोच, तसाच, जरासाही राग न धरता.

पुन्हा हात वर गेले, मान कलली. ह्या खेपेला वैजनाथचे तळवे लाकडावर पडले. आधी अडखळत, जुनी गाडी सुरू व्हावी तसे, मग भरभर. हलगीचं कातडं नव्हतं, टिपरी नव्हती, नुसतं बाभळीचं लाकूड. पण जवाब निघाला आणि लाकडातून धावत गेला. आरजूनं अब्बांच्या तोंडाकडं पाहिलं. काही हललं नाही. डोळे मिटलेलेच होते. फक्त अधांतरी असलेले हात हळूच खाली आले आणि बाजेवर टेकून राहिले, चुलीपाशी शेक घेतात तसे. तिथून तो जवाब ते तळव्यांनी ऐकत होते.

जवाब संपला. ती जागा आली, जी दोन वर्षांत केसभर हलली नव्हती. आजही हलली नाही. चाँदपाशांचे हात नेमके तिथंच उचलले गेले आणि पडले, आणि जे वाजलं ते आरजूनं कधी ऐकलं नव्हतं. तिनं नव्हतं, रेवणसिद्धनं नव्हतं, म्वालिमूंनी नव्हतं. जगात ते ठाऊक असलेली दोनच माणसं होती आणि ती त्या बाजेवर बसली होती. आरजू खाली जमिनीवर बसली. एवढं मोठं काही आपल्याच भिंतीपलीकडं होतं आणि आपण त्याच्यावर गोधड्या टांगल्या होत्या, ह्याचं तिला हसूही येत होतं आणि रडूही.

दुसरा सवाल संपला. हात पुन्हा वर राहिले. आणि चाँदपाशा बोलले, बहिरी माणसं बोलतात तसं, गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. डोळे न उघडता.

"वैजू, ह्याचा जवाब ध्यानात हाय का रं?"

वैजनाथ तोंडानं काही बोलला नाही. बोलून उपयोगही नव्हता. त्यानं लाकडावर जवाब दिला.